घरबसल्या सॅटेलाईटवरून मिथेन कसा बघायचा: अगदी नवख्यांसाठी

मिथेन डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तरी आज कुणीही साध्या लॅपटॉपवर, एक रुपया खर्च न करता, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात कुठली गॅसची लाइन गळतेय ते बघू शकतो. ऐकायला भारी वाटतं आणि आहेही भारी. पण पहिल्यांदा नकाशा उघडला की बहुतेकांचं एकच होतं, लाल डाग दिसला की "सापडलं!" आणि काहीच दिसलं नाही की "चला, इथे सगळं ठीक आहे". दोन्ही चुकीचं. म्हणून क्लिक कुठे करायचं ते तर सांगतोच, पण जे दिसतंय ते वाचायचं कसं यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण क्लिक करणं सगळ्यांनाच जमतं.

कोडिंग यायला पाहिजे असं काही नाही. लॅपटॉप, बऱ्यापैकी नेट आणि थोडा पेशन्स हवा. मोबाईलवरही होतं पण जाम वैताग येतो.

आधी थोडं बेसिक

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइडसारखा शतकानुशतकं नाही, पण असेपर्यंत उष्णता जबरदस्त धरून ठेवतो. १०० वर्षांचा हिशोब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट आणि २० वर्षांचा केला तर ८० पटींच्या वर. म्हणजे गळती आज बंद केली तर फरक आपल्याच हयातीत दिसतो, म्हणून सगळे याच्या मागे लागलेत. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत बऱ्याच देशांनी २०३० पर्यंत मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी करू असं जाहीर केलं. भारत त्यात नाही, कारण आपल्याकडचा बराचसा मिथेन गुराढोरांतून आणि भातशेतीतून येतो आणि त्यावर बोट ठेवणं म्हणजे छोट्या शेतकऱ्यावर बोट ठेवणं. ही भूमिका बरोबर की चूक हा वेगळा वाद, पण कचरा डेपोला हे कारण लागू होत नाही एवढं माझं मत.

आता दिसतं कसं? सॅटेलाईट मिथेनचा फोटो काढत नाही. सूर्याचा प्रकाश हवेतून खाली येतो, जमिनीवर आपटून परत वर जातो, आणि जाता-येता मिथेन त्यातल्या ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो, मुख्यतः १.६ आणि २.३ मायक्रॉनच्या आसपास, जिथे आपल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. वर पोचलेल्या प्रकाशात तो भाग किती कमी झालाय यावरून मधल्या हवेत मिथेन किती होता ते काढतात. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. रात्री दिसेल का? नाही, ऊन नाही. ढगातून? नाही, प्रकाश जमिनीपर्यंत पोचतच नाही. समुद्रावर? अवघड, कारण पाणी या प्रकाशात काळंकुट्ट असतं आणि परत काही येत नाही, फक्त सूर्याची चकाकी नेमक्या कोनात मिळाली तरच जमतं. त्यामुळे मुंबई हायवर काय चाललंय हे बघायला गेलात तर रोजच्या नकाशात बहुतेक वेळा कोरा समुद्रच मिळेल, आणि तो कोरा समुद्र म्हणजे तिकडे गळती नाही याचा पुरावा नव्हे.

पायरी १: कुठला सॅटेलाईट कशासाठी ते ठरवा

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. ढोबळमानाने दोन जाती आहेत.

पहिली जात सगळं जग बघते पण जाडजूड. यातला मुख्य म्हणजे युरोपचा सेंटिनेल-५पी, ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेला, त्यावरच्या उपकरणाचं नाव ट्रोपोमी. रोज जवळपास अख्खी पृथ्वी बघतो, आपल्यावरून दुपारी दोनच्या आसपास जातो. पण एक पिक्सेल साधारण साडेपाच बाय सात किलोमीटरचा, म्हणजे कांजूरमार्ग, विक्रोळी, भांडुप, पवई मिळून जेमतेम एक रंगाचा चौकोन. कुठल्या भागात जास्त आहे ते कळतं, कुठल्या गेटातून येतंय ते नाही कळत. आणि एकाच फेरीत एकट्या जागेची गळती पकडायची असेल तर ती ताशी पंचवीस टनांच्या आसपास, म्हणजे राक्षसी असावी लागते.

दुसरी जात बारीक बघते पण थोडंच. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या जीएचजीसॅट कंपनीचे छोटे सॅटेलाईट आहेत, २५ मीटरच्या आसपास बारकाईने बघतात आणि ताशी शंभर किलोच्या घरातली गळतीही पकडतात, पण त्यांचा डेटा मुख्यतः विकत. फुकटात बघायला मिळतं ते दोन ठिकाणचं: नासाचं एमिट, हे २०२२ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेलं आहे आणि ६० मीटरच्या पिक्सेलने बघतं, आणि टॅनेजर-१, हा ऑगस्ट २०२४ मध्ये गेला, त्याचे मिथेनचे निकाल कार्बन मॅपर ही ना-नफा संस्था देते. गंमत म्हणजे एमिट मुळात वाळवंटातल्या धुळीतली खनिजं ओळखायला पाठवलं होतं, मिथेन हा बोनस. त्याने सुरुवातीलाच तुर्कमेनिस्तानातल्या हझार गावाच्या पूर्वेला मिथेनचे बारा पट्टे आणि तेहरानच्या दक्षिणेला एका मोठ्या कचरा डेपोवरून निघालेला जवळपास पाच किलोमीटर लांब पट्टा दाखवला.

या पट्ट्याला सगळे प्लूम म्हणतात, मीही तेच म्हणणार.

तिसरा एक आहे सेंटिनेल-२, जो मिथेनसाठी बनवलेलाच नाही, शेती-जंगल-पाण्यासाठी आहे, पण २० मीटरचा पिक्सेल, साधारण पाच दिवसांनी परत त्याच जागेवर आणि सगळा डेटा मोफत, म्हणून लोकांनी जुगाड करून त्यातून मिथेन काढायला सुरुवात केली. ताशी एक ते तीन टनांच्या वरची गळती आणि खाली सपाट उजळ जमीन असेल तर चालतं. आपण पुढे तेच करणार आहोत.

आणि जुन्या लेखांत मिथेनसॅटचं नाव वाचाल. तो मार्च २०२४ मध्ये गेला, खूप आशा होत्या, जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. आधी जमा झालेला डेटा आहे, नवीन काही येणार नाही, उगाच शोधत बसू नका.

पायरी २: कोपर्निकस ब्राउझर उघडा

गूगलवर "कोपर्निकस ब्राउझर" शोधा, युरोपियन युनियनची साइट आहे, फुकटात अकाउंट उघडा. लॉगिन केल्यावर डावीकडे सॅटेलाईटची यादी येते, त्यात सेंटिनेल-५पी निवडा, मग खालच्या थरांतून मिथेनचा थर निवडा, तारीख टाका, नकाशा भारतावर आणा. आजची तारीख टाकून "काहीच येत नाही" म्हणू नका, मिथेनचा डेटा काही दिवस मागे असतो. पहिल्यांदा जानेवारी-फेब्रुवारीतली एखादी तारीख घ्या, आकाश मोकळं असतं.

रंगांच्या पट्टीवर आकडे दिसतील ते पीपीबी, म्हणजे हवेच्या दर अब्ज रेणूंमागे मिथेनचे किती. हल्ली जगभरातच हा आकडा १,९०० च्या वर गेलाय, कारखाने यायच्या आधीच्या काळात तो ७०० च्या आसपास होता. त्यामुळे १,९०० दिसलं म्हणून घाबरू नका, तो आजचा नॉर्मल आहे. बघायचं असतं ते शेजारच्या पिक्सेलपेक्षा किती जास्त. जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेची सरासरी असल्यामुळे मोठ्या डेपोमुळेसुद्धा या जाड पिक्सेलमध्ये फरक फार तर काही पीपीबी ते काही दहा पीपीबीचा पडतो.

पायरी ३: नकाशा वाचायला शिका (इथे घाई नको)

एका दिवसाचा नकाशा उघडला की अर्धा भारत फाटलेल्या चादरीसारखा दिसेल, मधे मधे भोकं. ती भोकं म्हणजे ढग, धूर, किंवा गुणवत्तेच्या चाचणीत नापास झालेले पिक्सेल. जून ते सप्टेंबर महाराष्ट्र जवळपास कोराच असतो. आता गंमत बघा, भातशेतीचा मिथेन मुख्यतः पाणी भरलेल्या खाचरांतून येतो, म्हणजे कोकणात नेमका पावसाळ्यात, जेव्हा सॅटेलाईट आंधळा असतो. त्यामुळे "वर्षभराची सरासरी" म्हणून जो नकाशा फिरतो तो आपल्या भागासाठी खरं तर ऑक्टोबर ते मेची सरासरी असतो, आणि हे खाली कुठेच लिहिलेलं नसतं. कुणी असा नकाशा पाठवला तर पहिला प्रश्न हाच विचारा की कुठल्या महिन्यात किती दिवसांचा डेटा होता.

दुसरं म्हणजे सह्याद्री. नकाशावर घाटमाथ्याचा पट्टा बाजूपेक्षा कमी मिथेनचा दिसतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं जंगल आहे ना, हवा शुद्ध. तसं नाहीये. खूप उंचावरच्या, स्ट्रॅटोस्फियरच्या हवेत मिथेन कमी असतो, आणि जमीन जितकी उंच तितका त्या वरच्या हवेचा सरासरीतला वाटा जास्त, म्हणून डोंगरावर आकडा आपोआप खाली येतो. हिमालयात तर हे फारच ठळक दिसतं. म्हणून तुलना करायची तर सारख्या उंचीच्या जागांची करा, पुण्याची तुलना पनवेलशी नको.

तिसरं, किनारा. ज्या पिक्सेलमध्ये अर्धी जमीन आणि अर्धी खाडी असते तिथे हिशोब बिघडतो. मुंबईत असे पिक्सेल पैशाला पासरी. जमिनीचा रंगही खेळ करतो, खूप काळी किंवा खूप पांढरी जमीन असेल तर आकडा थोडा वाकडा येतो. त्यासाठी दुरुस्त केलेली आवृत्ती असते, शक्यतो तीच वापरा, आणि डेटा डाउनलोड करणार असाल तर गुणवत्तेचा आकडा ०.५ च्या वर असलेलेच पिक्सेल ठेवा, बाकी सरळ फेकून द्या.

एक दिवस बघून काही बोलू नये. थोडीफार स्क्रिप्ट लिहिता येत असेल तर गूगल अर्थ इंजिनमध्ये सेंटिनेल-५पीचा मिथेनचा साठा २०१९ पासून तयार पडलेला आहे, तिथे महिन्यांची सरासरी काढणं दहा ओळींचं काम आहे. येत नसेल तर ब्राउझरमध्येच सलग आठ-दहा मोकळे दिवस एकेक करून बघा आणि डाग त्याच जागी पुन्हा येतोय का ते बघा. येत असेल तर पुढच्या पायरीला जा.

पायरी ४: आधी दुसऱ्यांनी शोधलेले प्लूम बघा

स्वतः शोधायची घाई असते मान्य, पण खरा प्लूम कसा दिसतो हे डोळ्यांना माहीतच नसेल तर शोधणार काय? कार्बन मॅपरचं डेटा पोर्टल उघडा, नकाशावर ठिपके दिसतील, ठिपक्यावर क्लिक केलं की प्लूमचं चित्र, तारीख, वेळ, ताशी किती किलो आणि त्यात किती वर-खाली होऊ शकतं ते येतं. शेवटचा आकडा वाचायला विसरू नका. तसंच संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं "आय ऑन मिथेन" नावाचं पोर्टल आहे, तिथे त्यांच्या मार्स या यंत्रणेने वेगवेगळ्या सॅटेलाईटवरून पकडलेले प्लूम असतात. मार्स २०२२ मध्ये जाहीर झाली, काम असं की मोठी गळती दिसली की त्या देशाच्या सरकारला आणि कंपनीला कळवायचं. २०२४ च्या त्यांच्या अहवालात होतं की १,२०० सूचना पाठवल्या आणि उत्तरं आली जेमतेम एक टक्क्याला. पण ज्या थोड्या ठिकाणी लक्ष दिलं तिथे काम झालं, अल्जेरियातली एक गळती निदान १९९९ पासून चालू होती ती बंद केली गेली. १९९९ पासूनचं कसं कळलं? लँडसॅट या अमेरिकन सॅटेलाईटच्या जुन्या चित्रांवरून, त्यांच्याकडेही सेंटिनेल-२ सारखेच प्रकाशाचे कामाचे बँड आहेत आणि साठा १९८४ पर्यंत मागे जातो.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर कांजूरमार्ग. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये नेदरलँड्सच्या टीमचा अभ्यास आला, शहरं चार: ब्युनोस आयरिस, दिल्ली, लाहोर, मुंबई. पद्धत एकदम शिकण्यासारखी आहे. आधी ट्रोपोमीच्या जाड नकाशावर शहर शोधलं, मग जीएचजीसॅटला सांगितलं की या शहरातल्या डेपोवर नेम धर. कांजूरमार्गच्या डंपिंग ग्राऊंडवरून ताशी साधारण ९.८ टन मिथेन निघतोय असं त्यांना आढळलं, वर्षाचे धरले तर ८५,००० टन, शहराच्या एकूण मिथेनच्या साधारण २६ टक्के. आणि चारही शहरांचा मिथेन कागदावरच्या हिशोबापेक्षा १.४ ते २.६ पट निघाला. त्यात हे डेपो बायोरिॲक्टर पद्धतीचं, म्हणजे गॅस गोळा व्हावा अशाच रचनेचं. पण लगेच पोस्ट टाकू नका, ही संख्या काही ठराविक दिवसांच्या काही फेऱ्यांवरून काढलेली सरासरी आहे, आज काय निघतंय ते नाही.

आणि हो, विक्रोळी-भांडुपच्या लोकांना जो वास येतो तो मिथेनचा नाही. तो हायड्रोजन सल्फाइड वगैरे बाकीच्या वायूंचा. वास आला म्हणजे मिथेन जास्त असं समजू नका, आणि वास गेला म्हणजे मिथेन गेला असं तर अजिबात समजू नका.

पायरी ५: आता स्वतः पकडा

सरावासाठी मुंबई नको. खाडी, खारफुटी, पत्रे, रस्ते, सगळी खिचडी, सेंटिनेल-२ तिथे वेडा होतो. वाळवंट घ्या. सगळ्यात सोपी जागा म्हणजे पश्चिम तुर्कमेनिस्तानातलं कोर्पेझे तेल-वायू क्षेत्र. ब्राउझरच्या शोधपट्टीत ३८.४९, ५४.२० टाका. या जागेची गोष्ट छान आहे, २०१९ च्या जानेवारीत जीएचजीसॅटचा पहिला सॅटेलाईट क्लेअर त्या भागात एक चिखलाचा ज्वालामुखी बघायला गेला होता आणि शेजारीच ही भलीमोठी गळती सापडली. नंतर सेंटिनेल-२ चा ऑगस्ट २०१५ ते नोव्हेंबर २०२० पर्यंतचा साठा उलगडून बघितला तर तिथे १२१ प्लूम मिळाले. म्हणजे सरावाला भरपूर माल आहे.

करायचं असं. सेंटिनेल-२ निवडा, त्यात एल१सी घ्या, एल२ए नको (एकाच चित्राच्या या दोन आवृत्त्या), कारण एल२ए मध्ये हवेचा परिणाम पुसायचा प्रयत्न केलेला असतो आणि आपल्याला तर हवेतलंच बघायचंय. ढग नसलेली २०१८-१९ मधली तारीख शोधा. मग कस्टमच्या पर्यायात इंडेक्स (दोन बँडमधला फरक एका आकड्यात दाखवणारा हिशोब) निवडा, पहिल्या जागी बी१२ आणि दुसऱ्या जागी बी११ ओढून टाका. बी१२ हा २.२ मायक्रॉनच्या आसपासच्या प्रकाशाचा बँड, तिथे मिथेन बऱ्यापैकी शोषतो. बी११ हा १.६ चा, तिथे खूपच कमी. जमीन दोन्हीत साधारण सारखी वागते, मिथेन नाही, म्हणून जिथे मिथेन असेल तिथे बी१२ गडद होतो आणि इंडेक्स खाली येतो. पहिल्यांदा सगळं एकाच रंगाचं दिसेल. रंगपट्टीची खालची-वरची टोकं एकमेकांच्या जवळ आणत जा, हळूहळू, कारण फरक काही टक्क्यांचाच असतो. बरोबर जमलं की एका ठिपक्यापासून निघून वाऱ्याच्या दिशेने पसरत, फिका होत गेलेला पट्टा दिसतो.

दिसेलच असं नाही, त्या दिवशी गळती बंदही असू शकते. पुढची तारीख घ्या, मग त्याच्या पुढची.

आणि एकाच तारखेवर भरवसा ठेवायचा नाही. ब्राउझरमध्ये तुलना करायची सोय आहे, प्लूमवाली तारीख आणि बिनप्लूमची तारीख दोन्ही तिथे टाका आणि मधला पडदा सरकवून बघा. रस्ता, टाकी, ओढ्याचं पात्र, खारट जमिनीचा डाग हे दोन्ही दिवशी तिथेच असतात, प्लूम हलतो, आकार बदलतो, गायब होतो. ही एक सवय लावून घेतली तर निम्म्याहून जास्त चुका तिथेच गळतात. तुलनेची तारीख जवळचीच घ्या, मधे पाऊस पडून माती ओली झाली असेल तर अख्खी जमीनच वेगळी दिसते.

अजून एक जागा म्हणजे कझाकस्तानच्या मांगिस्ताऊ प्रांतातलं कराटुरुन पूर्व क्षेत्र. तिथे ९ जून २०२३ ला एक विहीर फुटली, ती २५ डिसेंबरला बंद झाली, शास्त्रज्ञांचा अंदाज साधारण १,२७,००० टन मिथेन गेला. इथे आधी-नंतरची तुलना एकदम स्वच्छ करता येते, मेच्या चित्रात काहीच नाही आणि जूननंतर सुरू.

पायरी ६: खोटे प्लूम ओळखा

तेलाच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त फसवतात ते फ्लेअर, म्हणजे जादा गॅस जाळायची चिमणी. आग बी१२ मध्ये प्रचंड उजळ दिसते आणि आजूबाजूचा इंडेक्स बिघडवते. त्यामुळे इंडेक्स बघायच्या आधी बी१२, बी११, बी४ (हा लाल प्रकाशाचा बँड) असं रंगीत चित्र एकदा बघून घ्या, जळती चिमणी त्यात नारिंगी ठिपका म्हणून उठून दिसते. आणि इथे एक कामाची खूण मिळते. एका तारखेला ठिपका जळतोय, पुढच्या तारखेला विझलाय आणि नेमक्या त्याच जागेवरून प्लूम निघालाय, तर चिमणी विझून गॅस न जळताच हवेत चाललाय अशी दाट शक्यता. अशा जोड्या सापडल्या की मजा येते, खोटं कशाला बोला.

बाकीच्यांत पाण्याची डबकी, सोलर पॅनेल, प्लास्टिकचे आणि पत्र्याचे शेड, काळं डांबर, आणि ढगाची सावली. ढगाची सावली बरोबर लांबट असते आणि एकाच दिवशी असते, म्हणून ती जास्त फसवते, साध्या रंगीत चित्रात जवळपास ढग आहे का बघा. कचरा डेपोवर आग लागली की धूर दिसतो, २०१६ च्या जानेवारीतला देवनारचा धूर तर नासाच्या चित्रांतही दिसला होता, पण धूर म्हणजे मिथेन नव्हे.

मग वारा. प्लूमची दिशा वाऱ्याशी जुळली नाही तर तो प्लूम नाही, एवढा कडक नियम ठेवा. मागच्या तारखेचा वारा बघायला अर्थ नलस्कूलचा नकाशा सोपा आहे. वेळ मात्र यूटीसीत टाका (जागतिक प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे), सेंटिनेल-२ कोर्पेझेवरून साधारण सात यूटीसीला जातो. महाराष्ट्रावरून तो सकाळी अकराच्या सुमारास जातो, म्हणजे यूटीसी साडेपाच-पावणेसहा. साडेपाच तासांचा हा घोळ घातला तर वारा भलताच दिसेल, किनाऱ्यावर तर सकाळचा आणि दुपारचा वारा चक्क उलटा असतो.

पायरी ७: किती निघतोय?

चित्र दाखवलं की सगळे पहिलं हेच विचारतात, आणि इथेच सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. तत्त्व सोपं आहे. पंख्याखाली उदबत्ती लावली तर धूर लगेच विरतो आणि बंद खोलीत तोच धूर दाट साचतो, उदबत्ती तीच. म्हणजे दाट प्लूम हा मोठ्या गळतीमुळेही असतो आणि पडलेल्या वाऱ्यामुळेही. म्हणून प्लूममधला एकूण जादा मिथेन, प्लूमची लांबी आणि वाऱ्याचा वेग, तिन्ही लागतात.

समजा प्लूममध्ये २ टन जादा मिथेन आहे, लांबी अडीच किलोमीटर आणि वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी १०.८ किलोमीटर. अडीच किलोमीटर जायला वाऱ्याला साधारण १४ मिनिटं लागली, म्हणजे तेवढ्या वेळात २ टन भरले, म्हणजे ताशी साधारण साडेआठ टन. आता वारा ३ ऐवजी २ मीटर धरा, तेच चित्र, तोच प्लूम, आणि उत्तर येतं ताशी पावणेसहा टन. फरक बघितलात? आणि वाऱ्याचा आकडा बहुतेक वेळा मॉडेलमधून घेतलेला असतो, जागेवर कुणी मोजलेला नसतो. त्यातही खरा हिशोब करणारे दहा मीटर उंचीवरचा वारा जसाच्या तसा घेत नाहीत, त्याला वेगळं सूत्र लावतात. त्यामुळे नवख्याने आकडा काढून स्वतः शिकावं जरूर, पण बाहेर सांगताना "मोठी", "मध्यम" एवढ्यावर थांबावं, किंवा पोर्टलवरचा आकडा त्याच्या वर-खालीच्या फरकासकट द्यावा.

आणि ताशी आकड्याला ८,७६० ने (वर्षाचे तास) गुणून वर्षाचा आकडा काढायचा मोह आवरा. सॅटेलाईटने एक क्षण बघितला. कोर्पेझेची गळती स्वतःच कधी चालू कधी बंद असायची.

पायरी ८: नोंद ठेवा आणि मग बोला

साधी एक्सेल शीट पुरे. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, यूटीसी वेळ, कुठला सॅटेलाईट, तुलनेची तारीख कुठली, वारा कुठून किती, आजूबाजूला फसवणारं काय आहे, आणि शेवटी तुमची खात्री: पक्की, बहुतेक, शंका. काही दिसलं नाही त्या तारखाही लिहा, आणि तिथे दोन वेगळे शेरे ठेवा, "आकाश मोकळं, प्लूम नाही" आणि "ढग, बघताच आलं नाही". हे दोन्ही एकाच रकान्यात शून्य म्हणून टाकले की शीट कचऱ्यात गेली असं समजा, गळती किती दिवस चालू होती याचा हिशोब त्यानंतर लागूच शकत नाही.

कंपनीचं नाव घेऊन पोस्ट टाकायच्या आधी दहादा विचार करा. तेलाच्या क्षेत्रात एकाच चौकोनात दोन-तीन जणांच्या लाइनी असतात, मालकी नकाशावर लिहिलेली नसते, आणि देखभालीसाठी मुद्दाम थोडा वेळ गॅस सोडलेलाही असू शकतो.

आपल्या शहरातल्या डेपोचं बघायचं असेल, कांजूरमार्ग असो, पुण्याचं उरुळी देवाची असो की नागपूरचं भांडेवाडी, तर आधी पोर्टलवर त्या जागेचे प्लूम आहेत का शोधा. असतील तर तारीख-वेळेसकट प्रिंट काढा आणि माहिती अधिकारात महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा. "मिथेन का निघतोय" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, कारण "का" हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. विचारा की गॅस गोळा करणाऱ्या किती विहिरी बसवल्यात, त्यातल्या चालू किती, मागच्या बारा महिन्यांत दर महिन्याला किती घनमीटर गॅस गोळा झाला, किती जाळला, किती वापरला, आणि प्लूमच्या त्या तारखेचं लॉगबुकचं पान. तोच अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही टाका, दोघांची उत्तरं शेजारी ठेवून वाचायची असतात.